हौशी खेळाडूचा पगार

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पंचवटीतल्या आमच्या गल्लीतल्या एक वहिनी माझ्याकडे आल्या. मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, कबड्डीत उजवा कोपरा सांभाळणारा. एका व्यावसायिक संघाने त्याला चाचणीला बोलावले होते. त्याच सुमारास सैन्यभरती होती आणि विद्यापीठाची परीक्षाही. "भाऊ, तुम्ही जुने पेपर धुंडाळत असता. याला काहीतरी सांगा," त्या म्हणाल्या.

जुन्या पेपरांतून असा सल्ला निघतो का, हे मला ठाऊक नव्हते. तरी मी बसलो, आणि पहिल्याच दिवशी एका शब्दापाशी अडलो: हौशी. आपल्या कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेचे नाव 'अ‍ॅमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया'. अ‍ॅमॅच्युअर म्हणजे हौशी, पैशासाठी न खेळणारा. याच संघटनेच्या छत्राखाली २०१४ पासून खेळाडूंचा लिलाव होतो. हे नाव कोणाला खटकत नाही, कारण आपल्याकडे हौशी खेळाडू नेहमी कुठल्या तरी हजेरीपटावर असतोच.

हा शब्द साहेबाचा. खेळावर पोट भरणारा तो हलका, हा त्यामागचा वर्गीय तोरा. त्याची झळ जिम थॉर्पला बसली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकली. कॉलेजात असताना सुट्टीत थोडक्या पैशांवर बेसबॉल खेळला होता, म्हणून १९१३ मध्ये ती काढून घेतली. त्या काळी कॉलेजची कितीतरी पोरे तसेच खेळत, पण खोटे नाव लावून. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, एवढाच त्याचा गुन्हा. पदके १९८३ मध्ये त्याच्या कुटुंबाला मिळाली. एकमेव विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडले.

हाच नियम आमच्या जत्रांना काटेकोर लावला असता तर? नारळ, फेटा आणि रोख इनाम घेणारे किती मल्ल ऑलिंपिकला पात्र ठरले असते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. पोलिसात उपनिरीक्षकाची नोकरी लागली ती १९५५ मध्ये, पदकानंतर तीन वर्षांनी. अर्जुन पुरस्कार तर मरणोत्तर मिळाला. म्हणजे आधी पदक, मग पगार, आणि दोन्हींच्या मध्ये एका मास्तराचे घर.

महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. नेमबाजी मात्र शिकला आमच्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. २०१५ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. इथे क्रम उलटा झाला: आधी पगार, नऊ वर्षांनी पदक. या दोन कांस्यांच्या मधल्या काळात रेल्वे, सैन्य, पोलीस आणि तेल कंपन्या आपल्या खेळाच्या मालक झाल्या. पण घरात कोणी म्हणत नाही, की पोरगा व्यावसायिक झाला. म्हणतात, नोकरी लागली.

नाशिक जिल्ह्यात तर हे फार ठळक दिसते. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत भोसलाच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाली आणि ओएनजीसीच्या सेवेत गेली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. चांदवड तालुका पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावून बसणारा. तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथे नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. वर्दी नसती तर त्याला वल्हे दिसलेच नसते.

उलट बाजूलाही एक उदाहरण आहे. संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्य जिंकले, ते भोसला मिलिटरी कॉलेजची विद्यार्थिनी म्हणून. कॉलेज सोडून आधीच कुठे चिकटली असती तर हे दारच तिच्यासाठी बंद होते.

अमेरिकेत हा वाद कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंवरून चालतो. शाळा सुटल्यावर चार वर्षे थांबण्याची एनबीएची सक्ती स्पेन्सर हेवूडच्या खटल्यामुळे १९७१ मध्ये मोडली. २००६ च्या निवडीपासून १९ वर्षे वय आणि शाळेनंतर एक वर्ष, एवढीच अट उरली. मग पोरे एक वर्ष कॉलेजात काढून पसार होऊ लागली. २०२१ पासून कॉलेजात राहूनही स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, म्हणून काही जण आता थांबतात. तिथे निदान कॉलेज आणि संघ समोरासमोर बोली लावतात. आमच्या पोरासमोर तीन दारे, आणि प्रत्येकाची चौकट वयाने आखलेली.

कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला रेल्वेचा राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. चारच वर्षांत सैन्यातल्या मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले. आकडे सगळे सांगतात. या दोघांच्या पाठीशी कायमची नोकरी होती, हे सांगायचे राहून जाते. नव्या पोराला लीग देते ते एका हंगामाचे पैसे. गुडघा गेला की हिशेब संपला.

मग वर्दी घ्यावी, असे मी सांगणार होतो. पण दत्तूला मिळाली ती वर्दी आता साध्या भरतीत मिळत नाही. २०२२ पासून अग्निवीर, चार वर्षांचा करार, त्यातले फार तर २५ टक्के पुढे कायम. खेळाडू म्हणून थेट निवड झाली तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचे काहीतरी हातात लागते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तिथेही प्रमाणपत्र हवे, आणि वरच्या पदांना पदवी हवीच. ज्या कागदाला पोरगा सगळ्यात कमी किंमत देत होता, तोच तिन्हींत जास्त टिकणारा निघाला. माझ्याकडे पदवी नाही, त्यामुळे हे मी जरा जास्तच ठासून बोललो असेन.

चाचणीची तारीख पेपरानंतरची होती आणि भरती ऐन पेपरांत. मी त्याला एवढेच म्हणालो की भरतीचे वय अजून वर्षभर हातात आहे, शेवटच्या वर्षाचा पेपर मात्र आत्ताच आहे.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "काका, खर्डेकर सरांचं घर सुटलं का?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचेही घर बँकेकडे आहे, हे मला तेव्हा आठवले.