धावत्या गाडीखालची तुळई

२४ मे १८४७ रोजी चेस्टर शहरालगत डी नदीवरचा रेल्वेपूल गाडी वर असतानाच खचला आणि पाच जणांचा बळी गेला. पूल रॉबर्ट स्टीफन्सनचा, म्हणजे त्या काळातल्या इंग्लंडच्या अव्वल अभियंत्याचा होता. गाळे ९८ फुटांचे, तुळया ओतीव लोखंडाच्या, त्यांना घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार. लाकडी फळ्यांना ठिणगीने आग लागू नये म्हणून त्यांवर नुकतीच खडी पसरली होती, तेवढा भार वाढला होता. (आपल्याकडच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा सल्लागारही हाच स्टीफन्सन, आणि बोरीबंदर-ठाणे मार्ग उभारणारा जेम्स बर्कली त्याच्याच तालमीत तयार झालेला. तेव्हा चेस्टरचा प्रश्न मुंबईपासून फार लांबचा नव्हता.) त्याच वर्षी रेल्वेच्या बांधकामातील लोखंडाच्या वापराची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला गेला. त्याच्यापुढचा कळीचा प्रश्न विचारायला सोपा होता : एकच भार तुळईवर उभा असताना आणि धावत असताना ती सारखीच वाकते का? जाणकारांतच दोन तट होते. धावत्या गाडीखाली तुळईला वाकायला वेळच मिळत नाही, म्हणून वेग वाढवणे उलट सुरक्षित, असे म्हणणारेही त्यांत होते.

वास्तविक तुळईच्या कंपनाचे समीकरण तोवर शंभर वर्षे जुने झाले होते. डॅनिएल बर्नुली आणि ऑयलर यांनी अठराव्या शतकात ते मांडले होते, एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचे सूर एकमेकांशी कोणत्या प्रमाणात असतात हेही काढले होते. पण ते नादशास्त्रात राहिले. पूल बांधणाऱ्याला त्याची गरज भासली नाही, कारण त्याचा प्रश्न त्या समीकरणाला कोणी विचारलाच नव्हता. तो विचारला आयोगाच्या पोर्ट्समथच्या गोदीतल्या प्रयोगांनी. हेन्री जेम्स आणि डग्लस गॉल्टन यांनी तिथे एक उतरता रूळमार्ग उभारला. वरून सोडलेली, वजने भरलेली गाडी खाली येऊन ९ फूट लांब, ४ इंच रुंद, दीड इंच जाडीच्या ओतीव लोखंडाच्या दोन पट्ट्यांवरून जाई. १,१२० पौंडांची गाडी पट्ट्यांवर नुसती उभी केली तर वाक ०.६ इंच. ताशी १० मैलांनी नेली तर ०.८ इंच. ३० मैलांना तो दीड इंचावर गेला, म्हणजे दुपटीहून जास्त. वेळ न मिळण्याचा युक्तिवाद तिथेच संपला.

माझे म्हणणे इथून सुरू होते. हा आकडा अस्सल होता, काळजीपूर्वक मोजलेला होता, आणि तसाच उचलला असता तर त्याने दिशाभूल केली असती. धावत्या गाडीखाली वाक अडीचपट होतो हे खरे मानले, तर इंग्लंडमधले निम्मे पूल त्याच दिवशी बंद करावे लागले असते. आयोगाने मग खऱ्या पुलांकडे मोर्चा वळवला. एप्सम मार्गावरच्या ४८ फुटी यूएल पुलाच्या तुळईखाली पेन्सिल बांधली, खाली स्वतंत्र परांचीवर फळा बसवला आणि वरून टेंडरसह सुमारे ३९ टनांचे इंजिन नेले. पेन्सिलीने स्वतःच वाकाची रेघ ओढली. उभ्या इंजिनाखाली वाक इंचाच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. ताशी ५० मैलांच्या आसपास त्यात सातव्या हिश्शाची वाढ. एका जागी अडीचपट, दुसरीकडे सातवा हिस्सा, आणि दोन्ही मोजमापे निर्दोष.

ही तफावत आणखी शंभर प्रयोगांनी सुटली नसती. केंब्रिजचे रॉबर्ट विलिस यांनी तुळईचे स्वतःचे वजन नगण्य धरून धावत्या भाराचे समीकरण लिहिले आणि १८४९ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी ते सोडवले. त्यातून एक गुणोत्तर हाती आले : वर गुरुत्वत्वरण आणि गाळ्याच्या लांबीचा वर्ग, खाली १६, वेगाचा वर्ग आणि स्थिर वाक. ते जितके मोठे तितका वेगाचा परिणाम कमी. आयोगाचीच मापे त्यात घातली तर पोर्ट्समथच्या पट्टीसाठी ते दोनाच्याही आत येते, यूएलसाठी चाळीस-पन्नासच्या घरात. छोटी, लवचीक पट्टी आणि ताठ पूल हे वेगळ्या जातीचे का, हे पहिल्यांदा कळले ते इथे. पण याच सूत्राने यूएलची वाढ जेमतेम दोन टक्के निघते, आणि पेन्सिल तर चौदाच्या आसपास दाखवत होती. म्हणजे गणितही अपुरे होते. काय सुटले होते? पुलाचे स्वतःचे वस्तुमान आणि त्याची स्वतःची थरथर. विलिस यांनी पट्टीचा ताठपणा न बदलता फक्त जडत्व वाढवणारी एक तराजूसारखी रचना करून नेमके हेच तपासले, आणि स्टोक्स यांनी पूल जड व भार हलका अशा उलट टोकाचे गणित मांडले. दोन्ही वस्तुमाने एकदम धरणे त्यांच्या आवाक्याबाहेर राहिले.

प्रयोग आणि संख्यात्मक गणित एकमेकांना तपासत राहिले तरच असे कोडे सुटते, या माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की, डीचा पूल वेगामुळे वा कंपामुळे पडलाच नव्हता. नंतरच्या अभ्यासकांनी लोखंडाच्या थकव्याकडे बोट दाखवले आहे. ते मान्यच करावे लागेल. आयोगाच्या प्रयोगांतही त्याची खूण आहे : पट्टी तुटेपर्यंत जितकी वाकते त्याच्या निम्मा वाक पुन्हा पुन्हा दिला, तर ती ९०० फेऱ्यांच्या आत तुटे, आणि तिसऱ्या हिश्शापर्यंत ठेवला तर हजारो फेऱ्या सोसे. पण चुकीच्या संशयातून योग्य प्रश्न निघाला, एवढ्याने तो प्रश्न हलका ठरत नाही. गाड्या जड आणि वेगवान होतच गेल्या. दुसरा आक्षेप शब्दांचा वाटतो तरी वजनदार आहे : स्टोक्स यांचे काम शुद्ध विश्लेषण, त्याला आजच्या अर्थाने संख्यात्मक कसे म्हणायचे? उत्तर त्यांच्या निबंधातच आहे. सूत्र हाती आल्यावर ते थांबले नाहीत. अनंत श्रेणीतली पदे हाताने बेरजेला घेऊन त्यांनी निवडक गुणोत्तरांसाठी वाकाचे तक्ते तयार केले. अभियंत्याला उपयोगी पडणार होते ते तक्तेच. संगणकाने गती बदलली, कामाची जात तीच राहिली.

पुढे १९२० च्या दशकात ब्रिटनच्या ब्रिज स्ट्रेस कमिटीने वाफेच्या इंजिनांखाली पूल पुन्हा मोजले. तेव्हा चाकांवरच्या समतोल वजनांचे घाव पुलाच्या नैसर्गिक कंपनाशी जुळले की वाक कसा फुगतो हे दिसले, आणि चार्ल्स इंग्लिस यांनी १९३४ च्या ग्रंथात त्याचे गणित बांधले. स्टोक्स यांना न झेपलेली दोन वस्तुमानांची गाठ तिथे बऱ्याच अंशी सुटली. आज अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत पोलादी पट्टी एका टोकाला आवळून हातोडीने ठोकतात, त्वरणमापकाने वारंवारिता घेतात आणि सांत घटक पद्धतीच्या, म्हणजे पट्टीचे लहान तुकडे कल्पून संगणकावर केलेल्या गणिताच्या, उत्तराशी ताडून बघतात. मोजलेली वारंवारिता बहुधा थोडी कमीच भरते, कारण गणिताने पक्के धरलेले टोक बोल्टच्या पकडीत किंचित हलते. अनेकदा घाईने पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक बदलून दोन आकडे जुळवले जातात. विलिस यांनी यूएलच्या बाबतीत तसे केले नाही. फरक कुठून आला हे शोधायला त्यांनी नवे यंत्र बांधले.