संत्र्याचा कलमचाकू
भोसल्यांच्या राजवटीत नागपूर मुलखात रुजलेला संत्रा पुढे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी-वरुड टापूत फोफावला, तेव्हा शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतील कलमकाराच्या खिशात घडीचा चाकू कायमचा वसला. हा चाकू नित्य बाळगण्यास योग्य की अयोग्य, याची खरी परीक्षा, संत्र्याचा डोळा ज्यावर बांधतात त्या जंबेरीच्या खुंटावरच व्हावयाची: पाते इतके तीक्ष्ण की आतील काष्ठास इजा न होता सालीवर चीर पडावी, घडी इतकी घट्ट की ओल्या मुठीत ती अवचित मिटून बोट कापू नये, आणि मुठीच्या टोकाची बोथट पट्टी अशी गुळगुळीत की साल अलगद उचलून डोळा आत सरकावा. १९६२ च्या शस्त्र नियमांनी ९ इंचांहून लांब पात्यांस परवान्याच्या कक्षेत आणताना कृषिकर्माची अवजारे वगळली, हे मला सर्वथा न्याय्य वाटते. डोळा काढणारे पाते तर जेमतेम चार बोटे लांब असते.