भुताचा सिनेमा इतका हळू का?



वाईच्या गणपती घाटावर संध्याकाळी जाऊन बसलात, तर कोणी ना कोणी तुम्हाला शूटिंगची हकीकत सांगितल्याशिवाय राहणार नाही. ‘गंगाजल’, ‘स्वदेस’, ‘ओंकारा’, ‘दबंग’ अशा कितीतरी चित्रपटांसाठी वाईने आणि शेजारच्या मेणवलीने कधी बिहारचे, तर कधी उत्तर प्रदेशाचे सोंग घेतले. ज्यांनी ही शूटिंगे पाहिली, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. पडद्यावर अर्ध्या मिनिटात सरणाऱ्या प्रसंगासाठी घाटावर अख्खा दिवस जातो. ढग सरकण्याची वाट पाहायची, गर्दी मागे हटवायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. चित्रपट करणाऱ्याला असा धीर लागतो, हे आपण सगळे मान्य करतो. पण पाहणाऱ्यालाही थोडा धीर लागतो, असे कोणी म्हटले, की भांडणाला तोंड फुटते. आज मी त्याच भांडणाविषयी चार शब्द सांगणार आहे.

भांडण आहे भुताच्या सिनेमावरून. पण किंकाळ्या, पांढरी साडी आणि करकरणारा दरवाजा यांचा जो सिनेमा, तो मी म्हणत नाही. गावची जुनी रूढी, कुळाचे दैवत, पडका वाडा, पिढ्यान्‌पिढ्या दडपून ठेवलेले एखादे पाप, यांतून हळूहळू भय उभे करणारे जे चित्रपट अलीकडे निघाले, त्यांच्याविषयी मी बोलतो आहे. असा चित्रपट पाहून माणसे बाहेर पडली, की त्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, “पैसे देऊन तासभर पाऊस नि भिंतीच बघितल्या. भूत कुठं होतं?” दुसरा म्हणतो, “अहो, भूत पहिल्यापासून समोरच होतं. तुमच्या ते ध्यानात आलं नाही.” यांत खरे कोणाचे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९४९ साली ‘महल’ नावाचा हिंदी बोलपट आला. ओसाड हवेली, झोपाळ्यावर बसलेली तरुणी आणि रात्री ऐकू येणारे गाणे. लोकांनी तो डोक्यावर घेतला. पण त्यातली ती तरुणी शेवटी माळ्याची जितीजागती मुलगी निघते. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्ये किंवा १९६४ च्या ‘वह कौन थी’मध्येही भुतामागे माणसाचाच डाव असतो. म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाशी एक करार ठरलेला होता. तुला घाबरवू, मधून मधून गाणी ऐकवू आणि घरी जाण्यापूर्वी सगळा उलगडाही करून देऊ. हा करार आपल्या इतका अंगवळणी पडला, की पुढे कोणी तो मोडला, म्हणजे आपण फसवले गेलो असे आपल्याला वाटू लागले.

तो मोडणाऱ्यांत एक होते मणि कौल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले दिग्दर्शक. राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांची एक कथा घेऊन त्यांनी १९७३ साली ‘दुविधा’ हा चित्रपट केला. कथा लोककथेवरून आलेली. लग्न होताच नवरा व्यापारासाठी परगावी जातो. झाडावरचे भूत नव्या नवरीवर भाळते आणि नवऱ्याचे रूप घेऊन घरात नांदू लागते. कौल यांनी ही कथा अशी सांगितली, की पडद्यावरची माणसे चित्रासारखी निश्चल दिसतात, बोलतात थोडे आणि ऐकणाऱ्याला थांबावे लागते. त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाणकारांनी वाखाणणी केली; पण सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत चित्रपट फारसा गेलाच नाही.

आता गंमत बघा. तीच कथा २००५ साली आपल्या अमोल पालेकरांनी ‘पहेली’ या नावाने पुन्हा पडद्यावर आणली. शाहरुख खान, राणी मुखर्जी, रंगीत पोशाख, नाचगाणी. ‘दुविधा’त एक धनगर युक्तीने त्या भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो, आणि नवरीच्या पदरी येतो तो खरा नवरा, जो तिला कधी कळलाच नाही. ‘पहेली’त भूत नवऱ्याच्या शरीरात शिरून तिच्याजवळच राहते. कथा एकच, एक चाल मंद, शेवट कडू, दुसरी चाल ठसकेबाज, शेवट गोड. एकाने सगळ्यांना तृप्त करायचे ठरवले, दुसऱ्याने त्या बाईचे दुःख आपल्या अंगावर येईपर्यंत आपल्याला बसवून ठेवले. दोन्ही रीती जुन्याच आहेत.

मंदपणा म्हटला, की शहरी लोकांचे खूळ असे आपण समजतो. पण आपल्याकडचा गोंधळ आठवा. संबळ घुमतो, दिवटी पेटते, आणि गोंधळी आधी गावोगावच्या देवदेवतांना एकेक करून गोंधळाला येण्याचे आवाहन करतो. आख्यान लागायला रात्र चढते. तरी कोणी ‘आटपा लवकर’ म्हणत नाही. का? कारण आपण कशाची वाट पाहतो आहोत, हे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. आजीच्या गोष्टीतही तेच. विहिरीवरची हडळ येण्याआधी ती वाट, ती चिंच, तो अंधार, हे सगळे ती सावकाश सांगत असे, आणि आपण गोधडीत आणखी आत सरकत असू. नव्या चित्रपटाची अडचण इथेच आहे. तो वाट पाहायला लावतो, पण कशाची, ते सांगत नाही. म्हणून कंटाळलेल्या प्रेक्षकाला अडाणी ठरवू नये. त्याची तक्रार निम्मी खरी असते.

निम्मीच म्हणतो, कारण दुसरी बाजूही आहे. इंग्लंडात १९७३ साली ‘द विकर मॅन’ नावाचा चित्रपट निघाला. एका बेटावरचे लोक, त्यांचा जुना पंथ आणि चौकशीला आलेला एक पोलीस. वितरकाने तो कापून लहान केला आणि दुसऱ्या चित्रपटाच्या जोडीला लावून दिला. आज त्या जातीच्या चित्रपटांची गोष्ट निघाली, की पहिल्यांदा त्याचेच नाव घेतात.

तसेच काहीसे आपल्याकडे ‘तुंबाड’चे झाले. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. कथेची मूळ प्रेरणा भयकथाकार नारायण धारप यांची, आणि नावाची आठवण श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची. चित्रीकरण २०१२ साली सुरू झाले, मनासारखे उतरले नाही म्हणून पुन्हा केले, आणि चित्रपट लागला तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. कोकणातला न थांबणारा पाऊस, जमिनीखाली दडलेला देव आणि त्याच्या सोन्याच्या मोहराच्या लोभाने पोखरलेले एक घराणे. हस्तर हा देव कोणत्या पुराणात नाही. तो चित्रपटकारांनीच रचला. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच चित्रपटाने झाली होती. इकडे मात्र कोणी म्हणाले अपूर्व, कोणी म्हणाले घाबरलोच नाही. पहिल्या खेपेस धंदा बेताचा झाला. मग एकाने दुसऱ्याला सांगितले, लोकांनी घरी बसून पाहिला, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. चित्रपट तोच होता. सहा वर्षांत प्रेक्षकाला फक्त एवढे कळले होते, की इथे वाट पाहायची ती भुताची नाही, माणसाच्या लोभाची.

आता आपल्या अधिक जवळचे उदाहरण देतो. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट २०१७ च्या जुलैत लागला. गरोदर बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात येऊन राहते. चहूकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस. सातारा-सांगलीकडच्या माणसाला ही जागा काय समजावून सांगायची! कृष्णाकाठी असा ऊस आपण रोज पाहतो. त्या फडात जे भय आहे, ते मुलगी नको म्हणून मारलेल्या जिवांचे आहे. कोणी म्हणाले, तीच लपाछपी किती वेळ चालली आहे. कोणी म्हणाले, शेवटी फार उपदेश केला. असेलही. पण त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात आपल्या सांगली जिल्ह्यात, म्हैसाळ येथे, पोलिसांना पुरून टाकलेले १९ भ्रूण सापडले होते, हे विसरू नका. त्यानंतर चार महिन्यांनी जो हा चित्रपट पाहायला बसला, त्याने पडद्यावरच्या उसात काय पाहिले असेल? अशा गोष्टीला घाई मानवत नाही. दोन मिनिटांत सांगितली, तर ती बातमी होते, आणि बातमी आपण दुसऱ्या दिवशी विसरतो.

मंडळी, या चित्रपटांवर आणखी एक आक्षेप आहे आणि तो मंदपणाच्या तक्रारीहून वजनदार आहे. असे चित्रपट अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, असे काही विचारी माणसे म्हणतात. ही शंका आपल्या जिल्ह्याने तरी हसण्यावारी नेऊ नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे केलेली खटपट त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी फळाला आली. भानामती, करणी, चेटूक यांच्या नावाने प्रत्यक्षात माणसांचे, विशेषतः बायांचे हाल होतात. ज्या चित्रपटात एकटी म्हातारी दिसली की ती चेटकीणच, तो चित्रपट या हालांना हातभार लावतो, मग तो हळू असो की वेगवान.

वाई हे या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असलेले गाव आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची ही कर्मभूमी. मराठी विश्वकोश याच गावात घडला. आणि जवळच बावधनला रंगपंचमीच्या दिवशी बैलजोड्या जुंपून बगाड निघते, मांढरदेवला काळूबाईची यात्रा भरते. विश्वकोशाचे पान उलटणारा माणूस यात्रेतही असतो. मग तो चित्रपट पाहताना निम्मा विश्वास ठेवून आणि निम्मा न ठेवून बसला, तर त्यात नवल काय? प्रेक्षकांत दोन तट पडतात असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते एकाच माणसाच्या मनात असतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. वरच्या वर्गातली मुले असे चित्रपट आता हातातल्या फोनवर पाहतात. आपल्याला विचारून पाहत नाहीत. त्यांना ‘बघू नका’ म्हणण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी वर्गात तीन प्रश्न विचारा. भय कोणाचे वाटले, भुताचे की माणसाच्या करणीचे? शेवटी दोष कोणाच्या माथी मारला, दुबळ्याच्या की ज्याने अन्याय केला त्याच्या? आणि जिथे कंटाळा आला, तिथे खरोखर काहीच घडत नव्हते, की आपल्याला पाहवत नव्हते? तिसऱ्या प्रश्नाला ‘काहीच घडत नव्हते’ असे प्रामाणिक उत्तर आले, तर तेही मान्य करा. संथपणा म्हणजे मोठेपणा नव्हे. पोकळ चित्रपट हळू चालवला, म्हणून तो भरीव होत नाही.

पण एखादा मुलगा म्हणाला, “गुरुजी, तो ऊस बघताना आमच्या मळ्याकडची वाट आठवली,” तर त्याला लगेच पुढच्या धड्याकडे नेऊ नका. थोडे थांबा आणि त्याला बोलू द्या.