नंबर लागलेली लॅम्ब्रेटा

१९६०च्या दशकात ठाण्यात किंवा डोंबिवलीत एखाद्याच्या दारी लॅम्ब्रेटा उभी राहिली, की लोक आधी विचारत, “नंबर कधी लागला?” किंमत मागाहून. १९६०च्या नियंत्रण आदेशाने स्कूटरची विक्री सरकारी शिस्तीत आणली होती. नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. नंबर लागलेला माणूस तीच गाडी वर पैसे घेऊन विकू शके. भाव ठरवत होती ती टंचाई.

ही गाडी बनत होती ठाण्याजवळ, भांडुपला. १९४९ साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, म्हणजे एपीआयने, मिलानच्या इनोसेंटीचा परवाना घेतला होता. इनोसेंटीचा मूळ धंदा पोलादी नळ्यांचा. म्हणून लॅम्ब्रेटाचा सांगाडा नळीचा आणि इंजिन मधोमध. व्हेस्पाचे इंजिन एका बाजूला लटकलेले. व्हेस्पावाल्यांशी यावरून आजही वाद घालता येतो, आणि मी घालतो.

इटलीने लॅम्ब्रेटाचे दुसऱ्या मालिकेतले ‘एलआय’ मॉडेल १९६१च्या सुमारास बंद करून तिसऱ्या मालिकेकडे मोर्चा वळवला. भांडुपने मात्र तोच गोल चेहरा पुढे वर्षानुवर्षे काढला. १९७१ साली इनोसेंटीने स्कूटर थांबवली. तिथली यंत्रे भारत सरकारने घेतली आणि १९७२मध्ये स्थापन झालेल्या लखनौच्या स्कूटर्स इंडियाकडे ती गेली. एपीआयची गाडी पुढे ‘लॅम्बी’ या नावाने धावली. मग जपानी तंत्राच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. पेट्रोल कमी पिणाऱ्या त्या मोटारसायकलींपुढे लॅम्बीला कुणी विचारेना, आणि ज्या गाडीसाठी कधी वर पैसे मोजले होते ती भंगारवाल्याकडे किलोवर गेली.

विलायतेतल्या शौकिनांनी तिला तिथून वर काढले. पण त्यांचा हिशेब निराळा. मिलानची गाडी आणि भांडुपची गाडी चेहऱ्याने जुळ्या असल्या तरी पहिलीचा भाव बराच जास्त. इटालियन यंत्रांच्या बाजारात जन्मगाव आणि पूर्वज दोन्ही पाहतात. उदाहरणार्थ, शर्यतपटू पॉल स्मार्टने १९७२ची इमोलाची मोटारसायकल शर्यत इटालियन डुकाटीवर जिंकली. त्या विजयाच्या स्मरणार्थ निघालेल्या १९७४च्या ७५० सुपर स्पोर्टच्या सुमारे ४०० गाड्यांसाठी आज संग्राहक झुंजतात. भांडुपच्या लॅम्ब्रेटाला असा पराक्रम नाही. तिची पत इंजिन-चासीच्या मूळ क्रमांकावर.

गेल्या उन्हाळ्यात मित्राबरोबर कल्याणात एक गाडी बघायला गेलो. रंग आरशासारखा, क्रोम नवे, सीट नवी. मालक किक मारून दाखवत होता. आमचा मेकॅनिक इंजिन ऐकायलाही थांबला नाही. रॉकेलात भिजवलेली चिंधी घेऊन तो खाली वाकला, चासीवरचे ग्रीस पुसले आणि बोट फिरवले. आकडे एका ओळीत नव्हते. एक खोल, दुसरा उथळ, आणि भोवती कानशीच्या बारीक रेघा. आरसी बुकातला क्रमांक मात्र तोच! “रंग नवा चालेल, नंबर नवा कसा चालेल?” एवढे बोलून त्याने चिंधी खिशात घातली. त्याच दुपारी डोंबिवलीत एक गंजकी, फिकट गाडी पाहिली. पत्रा मूळचा, स्पीडोमीटर बंद, पण इंजिन-चासीचे क्रमांक कागदाशी जुळणारे. मित्राने ती उचलली.

जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमानेही मूळ रूपाचे हे मोल अधोरेखित केले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला मात्र ती काढता येत नाही, आणि मूळ रूपात मोठे फेरफार केलेल्या गाडीला हा दर्जा मिळत नाही.

तेव्हा तुम्ही एखादी लॅम्ब्रेटा बघायला निघालात, तर पहिल्या खेपेला पैसे घरीच ठेवा. चिंधी आणि थोडे रॉकेल बरोबर न्या.