दोरी कधी सैल करावी?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती माळवदांसकट कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. माणसांची नोंद इतिहासात झाली, जनावरांच्या भीतीची कोण करणार?

आम्ही तेव्हा लातूरला होतो. घर शाबूत राहिलं, पण आमचा मोत्या छताखाली येईना. जानवळकडचा कारवानी कुत्रा, वाऱ्यासारखा पळणारा, पण मुळातच बुजरा. मी पडलो मास्तर! हट्ट मोडायचा म्हणून साखळीला धरून त्याला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. त्यानं जागीच लघवी केली. नंतर साखळी दिसली तरी तो लपू लागला.

त्याच दिवसांत एका मानसशास्त्राच्या पुस्तकात पावलॉव्ह भेटला. त्याच्या कुत्र्यांना सुटणारी लाळ सर्वांना ठाऊक असते, पुढची हकिकत फारशी कुणी सांगत नाही. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला आणि त्याच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्र्यांना वाचवलं, पण त्यांतली काही शिकवलेलं विसरून बसली. एका कुत्र्याजवळ ओळखीचा संशोधक नुसता बसून राहू लागला, तेव्हा कुठे ते हळूहळू परत आलं. पुढे दाराखालून थोडं पाणी सोडलं, तर पुन्हा सगळं नाहीसं! ज्याला मी हट्ट म्हणत होतो ती भीती होती.

मग साखळी ठेवून दिली, दोरी घेतली. उंबऱ्याच्या आत मी बसायचो. दोरी हलकीशी ताठ, पण ओढायची नाही. त्यानं एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी सैल. थरथरला की तेवढ्यावरच थांबायचं. दाब होता, पण तो कसा सुटतो हे त्याला कळत होतं. संक्रांतीपर्यंत मोत्या ओसरीत झोपू लागला.

त्याच वर्षी भूकंपाच्या गावातला एक मुलगा माझ्या वर्गात आला होता. सारखा दाराजवळ जाऊन बसायचा. जागा सोडली म्हणून मी त्याला छडी मारली होती. मोत्यानंतर मी त्याला दाराजवळचाच बाक दिला. वर्ष संपेपर्यंत तो आपणहून तीन बाक आत आला, पण माझ्याकडे नजर वर करून त्यानं कधी पाहिलं नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून शाळेत मारायला बंदी आली. माझी छडी त्याआधीच सुटली होती. त्या मुलापुरता मात्र उशीरच झाला... असो.