वटारचा प्रवासी कुठे मोजला गेला?

विरार-नालासोपाऱ्याजवळच्या वटार गावाला रेल्वे स्थानक नाही. त्यामुळे रेल्वेच्या दप्तरात वटारचा माणूस विरारचा किंवा नालासोपाऱ्याचा प्रवासी म्हणूनच उतरतो. या पट्ट्यातल्या रेल्वेगर्दीचे जुने आकडे वाचताना हे आधी ध्यानात ठेवावं लागतं.

एक जुना आधार 12 एप्रिल 1867चा. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बी.बी. अँड सी.आय.) रेल्वेची विरार ते मुंबईतल्या बॅकबेपर्यंतची गाडी त्या दिवशी सुरू झाली. सकाळी 6.45ला विरारहून निघायची, संध्याकाळी 5.30ला मुंबईहून परत फिरायची. दिवसाची हीच एक फेरी. स्थानकांच्या यादीत वसई आणि बोरिवलीच्या मध्ये एकटं पाणजू आहे; भाईंदर, मीरा रोड नाहीत. वेळा नीट पाहिल्या तर ही गाडी बागायतदारासाठी आखलेली दिसत नाही. भाजी, फुलं, पानं घेऊन जाणाऱ्याला पहाटेचा बाजार गाठायचा असतो. या वेळा कचेरीच्या आहेत. मुंबईत दिवसभर काम करून रात्री घरी परतणारा माणूस कंपनीने तेव्हाच गृहीत धरला होता, असं मला यावरून वाटतं.

1882च्या ठाणे गॅझेटियरमध्ये स्थानकवार प्रवासी आणि मालाचे तक्ते आहेत. वटारशेजारच्या आगाशीच्या सुक्या केळ्यांची कीर्तीही त्यातच नोंदलेली आहे. पण आगाशी असो वा वटार, गाव तक्त्यात येत नाही. येतं ते स्थानक.

पुढचे टप्पे झटपट सांगता येतात. विजेच्या गाड्या 1928मध्ये बोरिवलीपर्यंत आल्या, 1936मध्ये विरारपर्यंत. त्यानंतर मात्र बोरिवली–विरार चौपदरीकरण पूर्ण व्हायला 2007 उजाडलं. मधली सुमारे सत्तर वर्षं लोकल, मालगाड्या आणि गुजरातच्या लांब पल्ल्याच्या गाड्या यांनी मुख्यतः दोनच मार्गांवर काढली. विरारच्या गाडीतली रेटारेटी हा प्रवाशांचा स्वभाव नव्हे. ती या सत्तर वर्षांची देणगी आहे.

या गर्दीशी जोडताना लोकसंख्येचे आकडेही जपून वापरायला हवेत. 2001च्या जनगणनेत नालासोपारा नगरपरिषद सुमारे 1.84 लाखांची, विरार सुमारे 1.19 लाखांची. 2011मध्ये वसई-विरार महानगरपालिका 12.2 लाखांवर. पण 2009मध्ये स्थापन झालेल्या या महापालिकेत चार नगरपरिषदांबरोबर आसपासची गावंही धरली होती. सगळा फरक नव्या वस्तीचा मानला तर चूक होईल. तरीही वाढ प्रचंडच होती, आणि वसई-विरारचं नियोजन 1990मध्येच सिडकोकडे गेलेलं असल्याने ती अनपेक्षित मुळीच नव्हती.

आता विरार–डहाणू चौपदरीकरणाला 2016मध्ये आणि बोरिवली–विरार पाचव्या-सहाव्या मार्गाला 2019मध्ये मंजुरी मिळाली आहे. उत्तरेचं काम आधी संपलं, तर डहाणू-पालघरची वाढीव गर्दी विरारपासून खाली आजच्याच चार मार्गांवर येईल. म्हणून पाचवा-सहावा मार्ग त्याच्या मागे राहता कामा नये. आणि पुढच्या मागणीचा अंदाज बांधताना प्रवासी कोणत्या गावाहून स्थानकावर आला, हेही नोंदलं जावं. वटारच्या माणसाचा प्रवास विरारच्या फलाटावर सुरू होत नाही. तो घराबाहेर बसची वाट पाहताना सुरू होतो, आणि ती बसही नियोजनाचाच भाग आहे.