पंपाची शिल्लक

मध्यमवर्गीय मराठी माणसाला हिशेब लिहायला शिकवावं लागत नाही. दुधाचा रतीब, इस्त्रीचे कपडे, कामवालीच्या दांड्या, गॅसचा सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, या सगळ्याची नोंद त्याच्या घरी कॅलेंडरच्या चौकोनात बिनचूक सापडते. एकादशीच्या चौकोनात ‘सिलिंडर लावला’ आणि संकष्टीच्या चौकोनात ‘दूध अर्धा लिटर जास्त’. पण याच घरात ज्याला दमा आहे त्याला विचारा, की बाबा रे, तुझ्या खिशातल्या निळ्या पंपात आता किती फवारे उरलेत? तो पंप कानाशी नेऊन हलवील, आतलं खुळखुळणं ऐकील आणि नारळवाल्याच्या आत्मविश्वासाने सांगेल, “आहे अजून!”

किती आहे, ते नारळवालाही सांगत नाही.

मी स्वतः जुना दमेकरी. आषाढी आणि कार्तिकी या दोन वाऱ्या वारकऱ्याप्रमाणे आम्हालाही चुकत नाहीत. एकीला पावसाळी दमट हवा कारणी, दुसरीला थंडी. त्यामुळे या शिल्लकेच्या प्रश्नाचा मी थोडा अभ्यास केला आणि माझ्या असं लक्षात आलं, की दम्याच्या औषधाचा इतिहास म्हणजे सोपा हिशेब उत्तरोत्तर अवघड करत जाण्याचा इतिहास आहे.

मुळात हिशेब फार सोपा होता. आपल्याकडे धोत्र्याची फुलं शंकराला वाहतात. मद्रासेकडचे लोक मात्र त्याच जातीच्या झाडाची मुळं वाळवून, कुटून, चिलमीत भरून दम्यावर ओढत. हे पाहून मद्रासचे इंग्रज डॉक्टर जेम्स अँडरसन प्रभावित झाले, त्यांनी जनरल जेंट या लष्करी गृहस्थांना सांगितलं आणि या जनरलसाहेबांनी १८०२ साली ते औषध विलायतेत पोचवलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं युरोप-अमेरिकेत दम्यावर धोत्र्याच्या सिगारेटी रीतसर औषधाच्या दुकानात मिळत होत्या. दम्यावर विडी! आमच्या आजोबांना हे कळलं असतं तर आजीचं त्यांच्यापुढे काही चाललं नसतं. धोत्र्यात श्वासनलिका सैल करणारं द्रव्य आहे हे खरं, पण धूर तो धूरच. मात्र हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत आदर्श होती. पाकीट उघडावं, उरलेल्या सिगारेटी मोजाव्यात, विषय संपला.

हैदराबादच्या त्या प्रसिद्ध मत्स्यऔषधाचाही हिशेब असाच सुटसुटीत. मृगाच्या मुहूर्तावर रांगेत उभं राहायचं, औषध तोंडात भरलेला जिवंत मासा गिळायचा आणि घरी यायचं. त्याने दमा जातो असं शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेलं नाही. पण वर्षाला एक मासा, शिल्लक शून्य.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काचेचे फवारे आले. काचेच्या भांड्यात ॲड्रिनलिनचं द्रावण, मागे रबराचा फुगा. फुगा दाबत राहायचं आणि तुषार आत ओढायचे. प्रवासात काच फुटायची हे खरं, पण औषध कुठवर आलंय ते डोळ्यांना दिसायचं.

सगळा घोटाळा १९५५ साली सुरू झाला, आणि तोही एका शहाण्या प्रश्नामुळे. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज नावाची कंपनी होती आणि जॉर्ज मेसन तिचे अध्यक्ष होते. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता आणि त्या रबरी फुग्याचा तिला कंटाळा आला होता. तिने वडिलांना विचारलं, की केसांवर मारायचा फवारा जसा डब्यात मिळतो तसं माझं औषध का मिळत नाही? आपल्याकडे एखाद्या मुलीने असं विचारलं असतं तर “आधी गृहपाठ कर” असं उत्तर मिळालं असतं. मेसनसाहेबांनी प्रश्न प्रयोगशाळेत नेला. तिथल्या मंडळींनी अत्तराच्या रिकाम्या कुप्या, एक जुनं आइस्क्रीमचं यंत्र आणि सोड्याच्या बाटल्यांना बुचं मारायचं साधन एवढ्या सामग्रीवर काम सुरू केलं. संशोधनाचं साहित्य की शाळेच्या स्नेहसंमेलनाचं, असा प्रश्न पडावा! मार्च १९५६ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभरात, मेडिहेलर बाजारात आला.

यातली खरी करामत झडपेची. फिलिप मेशबर्ग नावाच्या माणसाने ती बनवली होती, आणि बनवली होती अत्तरासाठी. एकदा दाबलं की ठरलेलाच थेंब बाहेर यावा, अत्तर वाया जाऊ नये, एवढाच तिचा उद्देश. मेडिहेलरात तिचं माप होतं पन्नास मायक्रोलिटर, म्हणजे साधारण एक थेंब. या झडपेमुळे दर फवाऱ्याला औषध अगदी मोजून मिळू लागलं. पण गंमत पाहा. प्रत्येक फवारा मोजलेला आणि फवारे मोजणारं कोणीच नाही! पुढे डबी सर्रास धातूची झाली, तेव्हा आत डोकावण्याची सोयही गेली. दूधवाला माप अचूक घालतो, पण किती दिवस घातलं हे तुमचं तुम्ही लक्षात ठेवा, असा हा व्यवहार.

लक्षात न ठेवण्याची किंमत किती असते, हे साठीच्या दशकात दिसलं. इंग्लंड-वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे दम्याने तरुण माणसं दगावण्याचं प्रमाण एकाएकी वाढलं. आयसोप्रिनॅलिनचे जोरकस फवारे तिथे वापरात होते. माणसं फवाऱ्यांमागून फवारे मारत राहायची आणि डॉक्टरकडे उशिरा पोचायची. औषधाच्या जोरकसपणाचा दोष किती आणि या उशिराचा किती, यावर तज्ज्ञ पुढे बरीच वर्षं भांडले. इंग्लंडात १९६८ मध्ये हे फवारे चिठ्ठीशिवाय देणं बंद झालं. १९६९ साली सालब्युटॅमॉल बाजारात आलं, हृदयाला त्या मानाने कमी धडधडवणारं. डेव्हिड जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. आज आपल्या खिशात असतो तो निळा पंप त्याचाच. सत्तरच्या दशकात मुंबईच्या सिप्लाने असे फवारे इथे आणले आणि आपल्याकडे त्यांना ‘पंप’ हे सायकलच्या दुकानातलं नाव कायमचं चिकटलं.

नाव चिकटलं आणि बदनामीही. “पंपाची सवय लागते हो,” हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय, की त्याची फी घेतली असती तर जन्मभराचे पंप फुकट झाले असते. पंप लपवून वापरायचा, पाहुण्यांसमोर काढायचा नाही, मुलीचं लग्न ठरेपर्यंत तर नावही काढायचं नाही. चोरून वापरलेल्या वस्तूचा हिशेब कोण ठेवणार?

याचा नमुना म्हणजे आमचे मामा. मामा एकापाठोपाठ एक पंप संपवत, पण त्यांच्या मते तो संपतच नसे. दाबला की ‘फुस्’ होतंय ना, मग आहे! ऐनवेळी अडचण नको म्हणून जुनेही टाकत नसत. एक खिशात, एक पिशवीत, एक मामींच्या पर्समध्ये. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला कऱ्हाडला गेलो होतो. सकाळपासून ग्रहमखाच्या होमाचा धूर हॉलमध्ये कोंडलेला. भटजींनी आवाज दिला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!” आणि मुलीचे मामा मागच्या खोलीत खुर्चीची पाठ धरून भात्यासारखे वरखाली होत होते. खिशातल्या पंपाचे सहा फवारे झाले, पिशवीतल्याचे झाले, पर्समधल्याचेही झाले. तिन्ही ‘फुस्’ म्हणाले. मामांचे ओठ निळसर दिसायला लागले.

माझा पंप माझ्या बॅगेत, बॅग मुक्कामाच्या घरी, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. शेवटी मंगलाष्टकांच्या माइकवरून कोणीतरी ओरडलं, “कोणाजवळ दम्याचा पंप असल्यास ताबडतोब मागच्या खोलीत यावे!” आणि काय सांगू, हॉलमधून पाच माणसं उठली! वऱ्हाडात पाच दमेकरी आहेत हे त्यांच्या बायकांनाही माहीत नसावं. सर्वांत पुढे होते नवऱ्या मुलाचे वडील. त्यांच्या पंपाने मामा जरा सावरले, मग दवाखान्यात वाफारा आणि इंजेक्शन झालं, आणि मुलीला बोहल्यावर दुसऱ्या मामांनी नेलं. व्याह्यांनी पंप खिशात ठेवताना मला हळूच विचारलं, “यात अजून किती असेल हो?”

मामांच्या तिन्ही पंपांनी खोटं सांगितलं ते असं. डबीवर दोनशे फवारे लिहिलेलं असतं, पण शेवटचा फवाराही नीट यावा म्हणून आत थोडं जास्त भरलेलं असतं. दोनशे संपल्यावरही आतला वायू जोर लावून बाहेर येतच राहतो. आवाज तोच, गारवा तोच. औषध मात्र कधी निम्मं, कधी नाहीच. हलवून पाहण्याचाही उपयोग नाही, कारण खुळखुळतो तो वायूचा द्रव.

यावर जगाने एक घरगुती तोडगा काढला होता. डबी काढून पाण्यात टाका. भरलेली असली तर बुडेल, अर्धी असली तर उभी तरंगेल, रिकामी झाली तर आडवी होईल. आपण गॅस सिलिंडरवर ओलं फडकं गुंडाळून फडकं कुठवर वाळतंय ते पाहतो ना, त्यातलाच प्रकार. बरीच वर्षं डॉक्टरही हे सांगत. पण १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला भोकं पाडणारे जुने वायू हळूहळू पंपांतून काढले गेले, नवे वायू आले आणि डब्यांची बुडण्या-तरंगण्याची शिस्तही बिघडली. त्यातून झडपेत पाणी शिरून तिचं तोंड बुजू शकतं. म्हणजे शिल्लक पाहायला जावं आणि खातंच गोठावं! हल्ली ही परीक्षा करू नका असंच सांगतात.

२००६ साली अमेरिकेत दमेकरी कुटुंबांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ऐन अटॅकमध्ये पंप रिकामा निघाल्याचं चारांतल्या एकाने सांगितलं. आणि बहुतेकांची ‘संपला’ची व्याख्या आमच्या मामांचीच होती: काहीच बाहेर येईना, म्हणजे संपला. त्याआधीच, २००३ मध्ये, तिथल्या औषध प्रशासनाने नव्या पंपांना आकड्यांची खिडकी असावी असं कंपन्यांना सुचवलं होतं. झडप १९५६ ची आणि मोजणी २००३ ची! मधली सत्तेचाळीस वर्षं माणसं डबी कानाशी हलवत होती. स्कूटरला किलोमीटरचा आकडा होता, विजेच्या मीटरला होता, रिक्षाला होता, श्वासाला नव्हता. आता आपल्याकडेही काही पंपांवर ती खिडकी येते. ज्यांवर नाही त्यांचं गणित हातानेच करायचं: सुरू केल्याची तारीख डबीवर लिहायची, रोजचे फवारे टिपायचे, पंप बरेच दिवस पडून राहिल्यावर हवेत उडवलेलेही त्यात धरायचे, आणि दोनशेच्या जरा आधीच दुसरा आणून ठेवायचा.

कऱ्हाडच्या प्रकारानंतर हे खातं मामींनी ताब्यात घेतलं. औषधवाल्याची जुनी बिलं त्यांच्याकडे होतीच, कारण मामी बिल टाकत नाहीत. ती तारखेवार लावून त्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी मामांच्या छातीला नळी लावायच्या आधी ती बिलं वाचली. वर्षाला अकरा पंप. डॉक्टर म्हणाले, “वर्षाला तीन लागले तरी आम्ही कान टवकारतो. अकरा म्हणजे तुम्ही आग विझवताय, पण घर रोज पेटतंय.” निळा पंप नळ्या तात्पुरत्या सैल करतो, आतली सूज तशीच राहते; सुजेसाठी रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप वेगळा. मामांनी तो आणून कपाटात ठेवला होता, ‘सवय लागेल’ म्हणून. अकरा पंप ओढणाऱ्या माणसाला सवयीची भीती!

आता मामा तो दुसरा पंप सकाळ-संध्याकाळ घेतात, वर चूळ भरतात, आणि निळा पंप गेल्या दिवाळीतला अजून चालू आहे. त्याला खिडकी आहे, आकडा एकशे बारावर आहे. मध्यंतरी मी गेलो तेव्हा मामा तक्रार करत होते, “अरे, हिने चहा मोजला, साखर मोजली, आता माझे श्वाससुद्धा मोजते.” आतून मामी म्हणाल्या, “अहो, श्वास नाही, फवारे. परवा एकशे चौदा होते. दोन कुठे गेले?”

मामा जिन्याकडे बघून काहीतरी पुटपुटले.